तोयोकुनी नेमका कोणता? नट आणि योद्ध्यांच्या जुन्या जपानी छापचित्रांविषयी

प्रश्न : खाडीकिनारा

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त तोक्योत, निशि-कासाई भागात राहतो. जिम्बोचो या जुन्या पुस्तकांच्या वस्तीत शनिवारी फेरी मारायची सवय लागली आणि तिथूनच लाकडी ठशांवरून छापलेल्या एदोकालीन, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, चित्रांचा नाद लागला. निसर्गदृश्यांपेक्षा मला काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची चित्रे, म्हणजे याकुशा-ए, आणि वीरपुरुषांची चित्रे, म्हणजे मुशा-ए, अधिक ओढ लावतात. वर्षभर मी फक्त पाहत होतो. गेल्या महिन्यात मात्र धीर करून दोन छापचित्रे विकत घेतली आणि आता त्यांच्याविषयी काही शंका पडल्या आहेत. या मंडळावर जुन्या कागदांची आणि रंगभूमीची जाण असलेले सदस्य आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले चित्र एका नटाचे आहे. कमरेपासून वर दिसणारी आकृती, काळा किमोनो, बाहीवर एकात एक बसवलेल्या तीन चौकोनांचे चिन्ह, आणि पाठीमागे डोंगर व रस्ता असलेले छोटेसे दृश्य. नटाचा चेहरा लांबट आहे आणि डोळे अरुंद. सही लाल-पिवळ्या उभट चौकटीत आहे. विक्रेत्याने पावतीवर फक्त ‘तोयोकुनी’ असे लिहून दिले. घरी येऊन वाचले, तर उतागावा तोयोकुनी हा 1769 ते 1825 या काळातला, नटचित्रांचा नामवंत चित्रकार असल्याचे कळले आणि मला फार आनंद झाला. पण लगेच मनात आले की एवढ्या मोठ्या चित्रकाराचे चित्र दोन वेळच्या जेवणाच्या किमतीत कसे मिळेल? चित्राच्या कडेला दोन लहान गोल शिक्के आहेत आणि शेजारी एक लंबगोल शिक्का आहे. त्या लंबगोलात वर गळासारखी खाली वळलेली आणि मध्ये छेदलेली एक खूण आहे आणि खाली तीन आडव्या रेघा आहेत.

दुसरे चित्र वीरचित्रांसाठी गाजलेल्या कुनियोशी या चित्रकाराच्या सुइकोदेन मालिकेतले, म्हणजे एका जुन्या चिनी वीरकथेवरच्या मालिकेतले, म्हणून घेतले. दातांत तलवार धरलेला, अंगभर गोंदलेला चोजुन हा वीर पाण्यातल्या दरवाजाचे गज वाकवून आत शिरतो आहे, हे ते प्रसिद्ध चित्र. रंग अगदी ताजे आहेत, कागद पांढराशुभ्र आहे, चारही बाजूंचे समास कापलेले आहेत. त्यावर एकच छोटा गोल शिक्का आहे. हे पहिल्यापेक्षा पाचपट महाग पडले. पहिल्या चित्राचा कागद तांबूस झाला आहे, वरच्या कोपऱ्यात किडीची तीन भोके आहेत आणि मध्ये घडीची पुसट रेघ आहे. म्हणून आतापर्यंत मी दुसऱ्यालाच जास्त जपत आलो.

माझे प्रश्न असे. पहिल्या चित्राचा तोयोकुनी तोच का? दुसरे चित्र खरोखर त्या काळातले आहे का, हे घरच्या घरी कसे तपासावे? आणि दिवाळीला पुण्याला येताना ही दोन्ही आई-बाबांच्या दिवाणखान्यात लावावीत असा विचार आहे, त्यात काही धोका आहे का?

प्रतिसाद 1 : नेपथ्य

खाडीकिनारा, तुम्ही शिक्क्यांचे वर्णन इतके नेमके केले आहे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र न पाहताही देता येते. तुमचा तोयोकुनी पहिला नव्हे. पण त्यामुळे हिरमुसून जाऊ नका, कारण जे तुमच्या हाती आहे ते पुरेसे मोलाचे आहे.

पहिला तोयोकुनी 1825 मध्ये वारला. त्याचा शिष्य कुनिसादा (1786–1865) याने 1844 मध्ये गुरूचे नाव धारण केले आणि पुढची वीस वर्षे तो ‘तोयोकुनी’ अशीच सही करत राहिला. मधल्या काळात तोयोशिगे नावाच्या दुसऱ्या शिष्याने ते नाव लावले होते, म्हणून अभ्यासक कुनिसादाला तिसरा तोयोकुनी मानतात. स्वतः कुनिसादा मात्र काही चित्रांवर ‘दुसरा तोयोकुनी’ असे लिहितो, जणू मधला कुणी झालाच नाही. तुम्ही सांगितलेली लाल-पिवळी उभट चौकट ही उतागावा घराण्याच्या तोशिदामा या खुणेचा विस्तार आहे, आणि 1850 नंतरच्या कुनिसादाच्या चित्रांत ती सर्रास दिसते.

आता शिक्के. एदोमध्ये, म्हणजे जुन्या तोक्योत, विक्रीसाठी छापल्या जाणाऱ्या चित्राचा मसुदा आधी तपासनिसांना दाखवावा लागे, आणि मंजुरीचा शिक्का ठशातच कोरला जाई. या पद्धती वेळोवेळी बदलत गेल्या, आणि हाच बदल आज आपल्याला वर्ष सांगतो. 1791 पासून 1842 पर्यंत ‘किवामे’ म्हणजे ‘तपासले’ अशा अर्थाचा एकच गोल शिक्का असे. नंतर तपासनिसाच्या नावाचा शिक्का आला, 1847 पासून दोन तपासनिसांची दोन नावे आली, आणि 1852 च्या सुरुवातीपासून 1853 च्या अखेरीपर्यंत त्या दोन नावांच्या जोडीला एक लंबगोल तारखेचा शिक्काही आला. त्यानंतर नावे गेली आणि ‘आरातामे’ हा शब्द व तारीख उरली. 1859 पासून हे दोन्ही एकाच शिक्क्यात बसवले गेले.

तारीख लिहिताना वर्षाऐवजी बारा प्राण्यांच्या चक्रातला प्राणी आणि महिन्याचा आकडा देत. तुमच्या शिक्क्यातली गळासारखी वळलेली खूण म्हणजे उंदराचे अक्षर, आणि तीन आडव्या रेघा म्हणजे तीन हा आकडा. उंदराचे वर्ष 1840, 1852 आणि 1864 या तिन्ही वेळी आले, परंतु दोन नावे आणि स्वतंत्र तारीख ही जुळणी फक्त 1852 मध्येच शक्य आहे. म्हणजे तुमचे चित्र 1852 च्या तिसऱ्या चांद्र महिन्यात मंजूर झाले. एवढी नेमकी तारीख सांगणारे जुने चित्र आपल्याकडे किती मिळेल, याचा विचार करून पाहा. चित्रशाळा छापखान्याच्या किंवा रविवर्मा छापखान्याच्या शिळाछापांच्या बाबतीत दशक ठरवतानाच दमछाक होते.

पाठीमागे डोंगर-रस्ता आणि पुढे अर्धाकृती नट, आणि वर्ष 1852, हे जुळवून पाहिले तर तुमचे चित्र तोकाइदो या एदो-क्योतो रस्त्यावरच्या मुक्कामांशी नटांची सांगड घालणाऱ्या कुनिसादाच्या मालिकेतले असावे. त्या काळी ही मालिका अफाट खपली. एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या चित्रांवर भूमिकेचे नाव असते, पण नटाचे नसते. यामागे कारण आहे. 1842 मध्ये तेन्पो सुधारणांच्या, म्हणजे काटकसर लादणाऱ्या कडक सरकारी फर्मानांच्या, काळात शासनाने नटांची आणि गणिकांची चित्रे छापायला बंदी घातली. किंमत 16 मोनपेक्षा (मोन हे त्या काळचे नाणे) जास्त असू नये, सात-आठ ठशांपेक्षा जास्त ठसे वापरू नयेत, अशीही बंधने आली. तीन अधिकृत नाट्यगृहे शहराच्या मध्यातून उचलून आसाकुसाच्या पलीकडे नेऊन बसवली. काही वर्षांत नटांची चित्रे परत आली, पण बराच काळ नाव न घालता आली. ज्याला नाटकांची गोडी होती त्याला नावाची गरजच नव्हती. चेहरा आणि बोधचिन्ह पुरे होत असे.

तुमच्या नटाच्या बाहीवरचे तीन चौकोन म्हणजे धान्य मोजायच्या तीन लाकडी मापांची एकात एक ठेवलेली चवड, वरून पाहिल्यासारखी. ‘मिमासु’ हे इचिकावा दांजूरो घराण्याचे चिन्ह आहे. पण चिन्ह घराणे सांगते, माणूस सांगत नाही. 1852 मध्ये या घराण्यातले दोन मोठे नट हयात होते. एक म्हातारा सातवा दांजूरो, जो तोवर एबिझो या नावाने वावरत होता, आणि ज्याला 1842 मध्ये उधळपट्टीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार करण्यात आले होते. त्याचे डोळे मोठे, वटारलेले आणि नाक ठसठशीत दाखवतात. दुसरा त्याचा मुलगा, आठवा दांजूरो, लांबट चेहऱ्याचा, अरुंद डोळ्यांचा, सगळ्या शहराचा लाडका. तुमचे वर्णन मुलाशी जुळते.

तरीही ‘अमुक नाटकाच्या अमुक प्रयोगातले चित्र’ असे लगेच लिहून ठेवू नका. या मालिकेतल्या भूमिका ‘मिताते’ पद्धतीच्या आहेत, म्हणजे त्या नटाला ती भूमिका शोभून दिसेल अशी कल्पना करून काढलेल्या आहेत. काही नट तर तोवर दिवंगत झालेले होते. प्रत्यक्ष प्रयोगाची नोंद असलेली चित्रे वेगळी असतात, आणि ती नाट्यगृहांच्या जाहिरात-पत्रकांशी ताडून पाहता येतात.

तुम्ही तोक्योत आहात, तर वासेदा विद्यापीठाच्या आवारातले त्सुबोउची नाट्यसंग्रहालय जरूर पाहा. 1928 साली उभारलेली ही इमारत बाहेरून एलिझाबेथकालीन इंग्रजी नाट्यगृहासारखी दिसते. नटचित्रांचा फार मोठा संग्रह तिथे आहे आणि त्याची यादी चित्रांसह संगणकावर खुली आहे. भूमिकेचे नाव आणि वर्ष घालून शोधलेत, तर तुमच्याच चित्राची दुसरी प्रत सापडण्याची चांगली शक्यता आहे.

प्रतिसाद 2 : खळ आणि कागद

मी मुंबईत कागदाच्या जतनाचे काम करते. नेपथ्य यांनी पहिल्या चित्राबद्दल सगळे सांगितले आहे, म्हणून मी दुसऱ्यावर येते, कारण मला काळजी त्याची वाटते.

शिक्का ठशात कोरलेला असतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते. जुने चित्र समोर ठेवून नवे ठसे कोरले, तर कोरणारा शिक्काही तसाच कोरतो. म्हणून चोजुनच्या चित्रावरचा ‘किवामे’ शिक्का तुम्हाला फक्त इतकेच सांगतो की मूळ चित्र 1842 पूर्वीचे आहे. कुनियोशीची ही मालिका 1827 च्या सुमारास कागाया किचिएमोन या प्रकाशकाने सुरू केली आणि तिनेच कुनियोशीला नाव मिळवून दिले, त्यामुळे हे जुळतेच. तुमच्या हातातला कागद केव्हा छापला गेला, हे मात्र शिक्क्यावरून कळत नाही. ते कागदालाच विचारावे लागते.

आधी चित्र उलटे करा. एदोच्या छपाईत शाई आणि रंग पाण्यात कालवलेले असत. कोझो झाडाच्या सालीपासून केलेला ओलसर कागद ठशावर ठेवून वरून ‘बारेन’ नावाच्या गोल चकतीने घासत. दाबाने रंग तंतूंमध्ये शिरे. म्हणून अस्सल जुन्या छापाच्या पाठीमागे चित्राची उलटी सावली दिसते, गडद भागात तर चांगली स्पष्ट, आणि उजेडात तिरके धरले तर बारेनचे गोलसर वळसेही कधी कधी दिसतात. पाठ कोरी करकरीत असेल, कागद जाड आणि एकसारखा पांढरा असेल, तर थांबून विचार करावा. मागे दुसरा कागद डकवलेला असेल तर हे काहीच दिसणार नाही, कारण जुनी चित्रे वहीत चिकटवून ठेवायची पद्धत होती. अशा वेळी मागचा कागद ओला करून सोडवायच्या फंदात स्वतः कधीही पडू नका. करडईच्या फुलाचा तांबडा रंग आणि त्सुयुकुसा या फुलाचा निळा रंग पाण्याने क्षणात पसरतो.

मग दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. त्वचेच्या रंगात किंवा आकाशात सारखे, ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ते यंत्रावरचे छायामुद्रण आहे आणि प्रश्नच मिटला. ठिपके नसतील, तर चित्र ठशांवरचे आहे, परंतु तेवढ्याने ते जुने ठरत नाही. विसाव्या शतकात उत्तम कारागिरांनी जुन्या चित्रांचे ठसे नव्याने कोरून अतिशय सुंदर प्रती काढल्या आणि त्या प्रामाणिकपणे ‘प्रतिकृती’ म्हणूनच विकल्या. त्यांच्या समासात किंवा पाठीवर छापखान्याची खूण असते. समास कापला की ती खूण जाते. अर्थात समास कापलेला असणे हा काही गुन्हा नाही, वहीत बसवण्यासाठी एदोकालीन चित्रेही सर्रास कापली गेली. पण पांढराशुभ्र जाड कागद, ताजे रंग आणि चारही बाजू कापलेल्या, हे तिन्ही एकत्र आले की माझा हात खिशाकडे जात नाही.

शेवटची कसोटी रेषेची. एखाद्या मोठ्या संग्रहालयाने प्रसिद्ध केलेले याच चित्राचे मोठे छायाचित्र पडद्यावर उघडा आणि बोटभर जागा निवडून दोन्हींची रेघ न् रेघ ताडून पाहा. एकाच ठशावरून निघालेल्या दोन प्रतींत रंग वेगळे असू शकतात, झिजेने रेघ तुटलेली असू शकते, पण रेघेचे वळण आणि ती कुठे संपते हे बदलत नाही. नव्याने कोरलेल्या ठशात ते कुठे ना कुठे बदलतेच. केसांची मुळे, गोंदणाची नक्षी, पाण्याच्या लाटांची टोके या जागा यासाठी उत्तम. कोरणाऱ्यांमध्ये डोके आणि केस कोरणारा सर्वांत ज्येष्ठ असे. कपाळावरचा एकेक केस उठून दिसावा म्हणून मिलिमीटरमध्ये दोन-तीन रेषा चेरीच्या लाकडात उभ्या ठेवायच्या, म्हणजे भोवतीचे लाकूड काढून टाकायचे. ते पाहिले की हा कागद हातात धरताना आपोआप श्वास रोखला जातो.

पुण्याच्या दिवाणखान्याविषयी कळकळीने सांगते, लावू नका. निदान कायमचे लावू नका. या रंगांचा खरा शत्रू उजेड आहे. जुन्या चित्रांत आज राखाडी किंवा तपकिरी दिसणारा भाग पुष्कळदा मूळचा जांभळा असतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या कपाळावर जे जांभळ्या कापडाचे झाकण असे, ते बहुतेक चित्रांत फिकट मातकट होऊन बसले आहे, कारण तो जांभळा त्सुयुकुसाचा निळा आणि करडईचा तांबडा मिसळून केलेला असे आणि आधी निळा उडून जाई. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला 1921 मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी साडेसहा हजारांच्या आसपास छापचित्रे दिली, ती या अटीवर की ती कधीही प्रदर्शनात लावली जाणार नाहीत. ती अट पाळली गेल्यामुळेच मूळ रंग कसे होते हे आज आपल्याला कळते. संग्रहालये अशी चित्रे सुमारे 50 लक्स इतक्या मंद उजेडात काही महिने ठेवतात आणि मग दीर्घकाळ अंधारात विसावू देतात.

दुसरा शत्रू आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये काचेच्या आत दमट हवा कोंडली की तपकिरी ठिपके येतात आणि कसर लागते. खळ लावून चिकटवलेला कागद तर कसरीला मेजवानीच. आम्लरहित पुठ्ठ्याच्या दोन पानांत चित्र ठेवा, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावा, आणि पेटी कपाटात आडवी ठेवा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. लॅमिनेट केलेली दोन चित्रे माझ्याकडे आली होती आणि मला ती तशीच परत करावी लागली. पाहुणे आले की पेटी उघडून हातात द्या. ही चित्रे मुळात हातात धरून, दिव्याजवळ नेऊन पाहण्यासाठीच केलेली होती.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्याकडच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी चित्रे येतात आणि अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. तुम्ही पुन्हा तोक्योला जाणार असाल, तर चित्रे येताना आणायची आणि जाताना परत न्यायची असा बेत करण्याआधी नीट चौकशी करा.

खाडीकिनारा :

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी तीन तास याच कामात गेले आणि वेळ कसा सरला ते कळले नाही.

पहिले चित्र उलटे केले तेव्हा नटाचा काळा किमोनो पाठीमागून ढगासारखा उमटलेला दिसला. चेहऱ्याची रेषाही उलटी वाचता येते. नंतर टेबलावरचा दिवा अगदी खाली, कागदाच्या पातळीला आणला, आणि जे दिसले ते मी महिनाभर पाहिलेच नव्हते. सपाट काळ्या रंगात एक बारीक नक्षी आहे. समोरून ती मुळीच दिसत नाही, दिवा तिरका झाला की काळ्यावर काळी चमकते. आता मी ज्याला ‘खराब झालेले’ चित्र म्हणत होतो, त्याच्याकडे पाहताना मला माझीच घाई आठवते.

चोजुनचे चित्र उलटे केले, तर पाठ कोरी. कुठे कुठे अगदी फिका डाग, बाकी काही नाही. भिंगातून ठिपके दिसले नाहीत, म्हणून मनात थोडी आशा होती. मग एका संग्रहालयाचे छायाचित्र उघडले आणि डावीकडची लाट निवडली. मूळ चित्रात लाटेच्या टोकाशी एक रेघ दुहेरी होऊन वळते, माझ्या चित्रात ती एकेरीच सरळ संपते. गोंदणातही दोन ठिकाणी असाच फरक सापडला. म्हणजे ठसे वेगळे आहेत. विक्रेत्याला नम्रपणे विचारणा करणार आहे, कारण पावतीवर ‘एदोकालीन’ असे लिहिलेले आहे.

आणखी एक शंका. त्याच दुकानात कुनिचिकाचे तीन कागदांचे एक जोडचित्र पाहिले होते. त्यातला तांबडा इतका भडक आहे की तेही नकली असेल असे वाटून ठेवून दिले. ते बरोबर केले का?

प्रतिसाद 3 : नानिवा

मी ओसाकात गेली अठरा वर्षे राहते आणि त्यांतली बारा वर्षे ही चित्रे जमवते आहे. भडक तांबड्यामुळे कुनिचिकाला नाकारू नका. तोयोहारा कुनिचिका (1835–1900) हा कुनिसादाचाच शिष्य, आणि त्याच्या उमेदीच्या काळात परदेशातून रासायनिक रंग येऊ लागले होते. मेइजी काळातल्या, म्हणजे 1868 नंतरच्या, नटचित्रांत तो तांबडा आणि तो जांभळा हाच काळाचा पुरावा आहे. पूर्वीच्या पिढीतले अनेक संग्राहक त्याला भडक म्हणून नाक मुरडत, म्हणून अजूनही त्याची उत्तम चित्रे आवाक्यात मिळतात. 1876 नंतरच्या चित्रांच्या समासात तारीख आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलेला असतो, तेवढा पाहून घ्या. तीन कागदांच्या जोडचित्रात तिन्ही कागद एकाच प्रतीचे आहेत ना, हे मात्र तपासा. रंगांची छटा, कागदाचा तांबूसपणा आणि किडीची भोके तिन्हींवर जुळली पाहिजेत. दोन जुने आणि एक दुसरीकडून आणून बसवलेला, असा प्रकार मी स्वतः एकदा घेतला आहे. मधल्या कागदावरचा पूल शेजारच्या कागदावर अर्धा बोट खाली उतरला होता आणि तरी खरेदीच्या उत्साहात माझ्या लक्षात आले नाही.

योद्ध्यांची आवड आहे म्हणून सांगते, मुशा-ए नुसते मारामारीचे चित्र म्हणून पाहू नका. 1804 पासून जवळच्या इतिहासातल्या, म्हणजे साधारण 1573 नंतरच्या, वीरांची खरी नावे चित्रावर घालायला मनाई होती. त्याच वर्षी हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सत्ताधीशाच्या चित्रांपायी उतामारोसारख्या चित्रकाराला पन्नास दिवस हातकड्या घालून ठेवले होते. म्हणून नंतरच्या चित्रांत हिदेयोशीचे नाव ‘हिसायोशी’ होते, आणि सत्तेचाळीस रोनिनांचा (धनी गमावलेल्या सामुराईंचा) पुढारी ओइशी कुरानोसुके हा नाटकातल्याप्रमाणे ‘ओबोशी युरानोसुके’ होतो. वाचणाऱ्याला सगळे कळत होते. कुनियोशीने 1843 मध्ये योरिमित्सु हा सरदार आणि दंतकथेतला ‘मातीचा कोळी’ हा राक्षसी कीटक यांचे जोडचित्र काढले, त्यात मागच्या अंधारात भुतांच्या झुंडी आहेत. लोकांनी त्यांत तेन्पो सुधारणांनी नाडलेली माणसे ओळखली आणि झोपलेल्या सरदारात शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश. प्रकाशकाला ते चित्र घाईघाईने मागे घ्यावे लागले. नटांवरची बंदी चुकवण्यासाठी याच कुनियोशीने नंतर भिंतीवर पोरांनी खिळ्याने ओरखडावे तशी नटांची डोकी काढली. वरून पाहिले तर गिरगटा, पण प्रत्येक चेहरा कुणाचा ते एदोतले शेंबडे पोरही सांगू शकले असते.

तुमचा नट आठवा दांजूरो असेल, तर त्या चित्राला जोड म्हणून एक शिनि-ए, म्हणजे नटाच्या निधनानंतर काढलेले मृत्युचित्र, शोधा. 1854 मध्ये, म्हणजे तुमच्या चित्रानंतर अडीच वर्षांच्या आत, तो इथे ओसाकात प्रयोगासाठी आला आणि त्याने आत्महत्या केली. वय जपानी मोजणीने बत्तीस. बातमी एदोला पोहोचताच प्रकाशकांनी शंभराहून अधिक मृत्युचित्रे काढली. घाईत छापलेली, तपासनिसाच्या शिक्क्याविना, कित्येकांवर चित्रकाराची सहीसुद्धा नाही. फिकट निळा औपचारिक वेष, हातात जपमाळ, आणि बाजूला मृत्यूची तारीख, मरणोत्तर नाव, पुरल्याचे मंदिर. काहींमध्ये त्याच्या भोवती बायका आक्रोश करताना दिसतात, काहींवर तपशीलच चुकलेले आहेत, कारण खरी हकीकत कळण्याआधीच ठसे कोरून झाले होते. माझ्याकडे त्यांतले एक आहे. कागद स्वस्तातला, रंग चारच, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी त्या काळी शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या मला अजून पूर्ण लागलेल्या नाहीत. माझ्या संग्रहात याहून सुंदर चित्रे पुष्कळ आहेत, पण घराला आग लागली तर मी आधी हेच उचलीन.

इथली ओसाकाची चित्रे, म्हणजे कामिगाता-ए, हाही स्वतंत्र विषय आहे. ती जवळजवळ सगळी नटांचीच, 1840 नंतर बहुतेक अर्ध्या आकाराच्या कागदावर, थोड्याच प्रतींत छापलेली. पण छपाई अशी की धातूच्या चुऱ्याची चमक आणि रंग न लावलेल्या कोऱ्या ठशाने उठवलेली नक्षी बोटांना लागते. हिरोसादाची चित्रे अजून काही हजार येनपासून मिळतात. कधी इकडे आलात तर पेटी उघडून दाखवीन.

खाडीकिनारा :

नानिवाताई, निमंत्रणाबद्दल आभार, नोव्हेंबरमधल्या सुट्टीत नक्की येतो.

वासेदाच्या यादीत माझ्या चित्राची दुसरी प्रत सापडली. शिक्के तेच, रेघा त्याच, किमोनोच्या कडेला ठशाचा एक बारीकसा टवका उडालेला आहे तो माझ्या प्रतीत आहे आणि त्या प्रतीत नाही. तिच्यात आकाशाच्या वरच्या पट्टीत गडद निळा खाली उतरत फिका होत जातो, माझ्यात तिथे सपाट निळा आहे. म्हणजे माझी प्रत थोडी नंतरची, ठसा झिजू लागल्यावरची आणि छटा उतरवण्याचे कष्ट वाचवलेली, असे मी समजतो. चूक असेल तर सांगा. चोजुनचे चित्र विक्रेत्याने परत घेतले आणि त्या पैशांतून कुनिचिकाचे ते तीन कागद दोन आठवड्यांसाठी माझ्या नावावर राखून ठेवले आहेत. किडीची भोके जुळतात का ते या शनिवारी भिंग घेऊन पाहतो आणि इथे कळवतो.